कुकरची शिट्टी न झाल्यास काय करावे : संपूर्ण मार्गदर्शन (ताजी आवृत्ती)

दुसऱ्याला मदत करणे हे पुण्याचे काम आहे, याविषयी सर्व धर्मांचे एकमत आहे. परंतु ती मदत किती शब्दांत करावी, याबद्दल एकाही धर्माने स्पष्ट आदेश दिलेला नाही. त्यामुळे हजारो वर्षे माणसे एकमेकांना मनाला येईल तितक्या शब्दांत मदत करीत राहिली. "पुढे खड्डा आहे," असे कोणी तीन शब्दांत सांगे आणि ऐकणारा खड्डा चुकवून निघून जाई. खड्डा म्हणजे काय, खड्ड्यांचा इतिहास कोणता आणि सांगणाऱ्याला खड्ड्यांचा किती वर्षांचा अनुभव आहे, हे त्याला कोणी सांगत नसे. ही केवढी गैरसोय होती ते त्या काळी कोणाच्या लक्षातही आले नाही. शोधयंत्राने ही उणीव भरून काढली, याबद्दल मानवजातीने त्याचे ऋणी राहिले पाहिजे.

मेक्सिकोच्या दक्षिणेच्या एका छोट्या देशात, एरेदिया शहरातल्या ला गोतेरा या वस्तीत ओल्गेर उमान्या यांचे प्रेशर कुकर दुरुस्तीचे दुकान होते. दुकान म्हणजे घराचीच पुढची खोली. खिळ्यांवर टांगलेल्या रबरी रिंगा, बिस्किटांच्या डब्यांत भरलेल्या शिट्ट्या, आणि भिंतीवर एक पुठ्ठा. पुठ्ठ्यावर ओल्गेर यांनी निळ्या रंगाने, स्वतःच्या वेड्यावाकड्या अक्षरात, एकच वाक्य लिहिले होते. कुकरची शिट्टी होत नसेल तर गॅस बंद करावा, हे शेंबड्या पोरालाही कळते. प्रश्न त्यानंतरचा असतो. शिट्टी गप्प, झाकण घट्ट, आणि आत काय चालले आहे ते देवाला ठाऊक. अशा वेळी कोणी धापा टाकत दुकानात आले की ओल्गेर हातातल्या स्क्रू-ड्रायव्हरने पुठ्ठा दाखवत. सगळे उत्तर त्या नऊ शब्दांत होते. (ते वाक्य पुढे येईलच.) त्या वाक्याप्रमाणे वागलेल्या एकाही घरात गेल्या सेहेचाळीस वर्षांत घेवड्याची उसळ छताला चिकटलेली नाही.

दुकानाचा पत्ता असा होता : जिथे आंब्याचे झाड होते तिथून दक्षिणेला दोनशे मीटर, मग पूर्वेला पंचवीस, हिरवे फाटक. झाड १९८७ साली वाऱ्याने पडले. फाटक वीस वर्षांपूर्वी निळे झाले. शंभर मीटर म्हणजे एक चौक, मग तो साठ मीटरांचा असो की एकशे चाळीसचा. एवढे ध्यानात ठेवले की पत्त्यात कसलीच संदिग्धता उरत नाही. ज्यांनी ते झाड जन्मात पाहिले नाही अशी तिशीच्या आतली माणसेसुद्धा ते कुठे होते हे डोळे मिटून दाखवीत.

ओल्गेर यांची एकुलती एक मुलगी ग्रेतेल घरी बसून लोकांच्या वेबसाइटसाठी मजकूर लिहीत असे. गाद्या, कुंपणाच्या जाळ्या, दातांची पांढरी पावडर, कशावरही ती लिही. जानेवारीच्या एका सकाळी तिचे वडील दुकानाच्या उंबऱ्यात बसले होते आणि समोरून शेजारची बाई फोनकडे बघत, कुकर काखेत मारून, चालत गेली. दुकानाकडे तिने मान वळवून पाहिलेही नाही.

"बघितलंत?" ओल्गेर म्हणाले. (इथे बाप लेकीला, बहीण भावाला आणि वस्तीतली निम्मी माणसे कुत्र्यालासुद्धा अहो-जाहो करतात.) "फोनला विचारायला चाललीय. माझ्या दारावरनं."

"पापा, तुम्ही पण फोनमध्ये असायला पाहिजे."

"मी इथं आहे की! सेहेचाळीस वर्षं इथंच आहे."

"ते त्या फोनला कुठं माहीत आहे?"

ओल्गेर यांनी थोडा विचार केला. मग म्हणाले, "बरं. टाका मला त्यात. डिसेंबरात नाताळचे तमाल करतात तोवर वाट बघतो. 'कॉम्प्युटरनं पाठवलं' म्हणून एक जरी माणूस दारात आला तर दुकान चालू. नाही आला, तर शटर ओढतो आणि ग्वापिलेसला भावाकडे जातो. मला कामाची हौस नाही, ग्रेतेल. पण कोणी काही विचारतच नसेल, तर माणसानं उत्तर घेऊन किती दिवस बसायचं?"

ग्रेतेल त्याच दुकानाच्या लाकडी फळीला धरून चालायला शिकली होती. तिने त्याच दुपारी वेबसाइट उघडली. एक पान. वर पुठ्ठ्यावरचे वाक्य, खाली पत्ता. संपले.

पान नऊ दिवस शोधयंत्रात तिसऱ्या क्रमांकावर राहिले. नवव्या दिवशी बार्वा गावच्या एका बाईने ते उघडले, वाक्य वाचले, त्याप्रमाणे केले, कुकर उघडला आणि पान बंद केले. एकूण वेळ : अकरा सेकंद.

दुसऱ्या दिवशी पान सत्त्याण्णवाव्या क्रमांकावर होते.

ग्रेतेल धावत चिंचिया सरांकडे गेली. चिंचिया सर हे शोधयंत्राच्या मर्जीचे जाणकार. यंत्र सांगत काहीच नाही, फक्त नाराज होते, त्यामुळे ते का नाराज झाले हे सांगणाऱ्यांचा एक स्वतंत्र व्यवसाय उदयाला आला आहे. तो व्यवसाय हवामान खात्यापेक्षा थोडा कमी अचूक असला तरी त्याला मान फार आहे. सरांनी आकडे पाहिले, गूळपाण्याचा घोट घेतला आणि मान हलवली.

"बाई अकरा सेकंदांत निघून गेली. याचा अर्थ काय होतो?"

"तिचा कुकर उघडला असेल."

"तसा पुरावा यंत्राकडे नाही. यंत्राकडे पुरावा आहे तो बाई निघून गेल्याचा. समाधानी वाचक थांबतो, ग्रेतेल. असमाधानी वाचक जातो. तुम्ही त्या बाईला थांबायला जागाच ठेवली नाहीत."

"तिला थांबायचं नव्हतं. तिच्या डोक्यावर कुकर फुटायला आला होता."

"हेच तर!" सर म्हणाले. "त्या मनःस्थितीत माणसाला आधार हवा असतो. निदान बाराशे शब्दांचा."

शोधयंत्राच्या मर्जीतल्या या पहिल्या बदलाला वस्तीत 'कांदेलारियाचा बदल' असे नाव पडले, कारण तो कांदेलारियाच्या सणाला आला. (वादळे, पूर आणि मोठ्या अवदसा यांना त्या दिवशीच्या संताचे नाव देण्याची इथे पद्धत आहे.) त्या वर्षी शोधयंत्राने एकंदर सहा वेळा आपले मत बदलले. प्रत्येक वेळी त्याने एकच निवेदन काढले : 'लोकांना उपयोगी पडेल असे लिहा.' इतकी साधी, सरळ आणि माणुसकीने भरलेली सूचना समजून घ्यायला चिंचिया सरांचे चार वर्ग करावे लागत.

कांदेलारियानंतर ग्रेतेलने वाक्याच्या आधी 'कुकर म्हणजे काय?' हा भाग लिहिला. कुकर हातात धरून उभ्या असलेल्या माणसाला कुकर म्हणजे काय हे समजले की निम्मा धीर येतो, असे सर म्हणत. पुढे 'माणूस आणि वाफ : एक नाते' आले. त्यापुढे 'शिट्टी न होणे म्हणजे नेमके काय?' हा साडेचारशे शब्दांचा भाग आला. (सारांश : शिट्टी न होणे म्हणजे शिट्टी न होणे.) पान बारावर चढले.

मग सान होसेचा बदल आला. आता नुसते लांब लिहून भागेना, लिहिणाऱ्याला अनुभव पाहिजे. ग्रेतेल वही घेऊन वडिलांसमोर बसली.

"पापा, तुमचा अनुभव सांगा."

"सेहेचाळीस वर्षं कुकर दुरुस्त करतोय."

"ते सगळेच लिहितात. काही घडलेलं सांगा. कधी फुटला का?"

"एकदा. एकोणऐंशी साली. माझी चूक होती. हे बघा." त्यांनी कोपराजवळचा चट्टा दाखवला. "त्यानंतरच तो पुठ्ठा लिहिला."

चिंचिया सरांना हे कळले तेव्हा त्यांच्या डोळ्यांत पाणी आले. "चट्टा आहे आणि तुम्ही तो लपवून ठेवलात?" चट्ट्याचे छायाचित्र पानाच्या अगदी वर लागले. पुठ्ठा लिहिल्यापासून एकाही कुकरला फुटू न देणारा कारागीर यंत्राला अननुभवी वाटत होता. एक कुकर फोडल्याचे कळल्याबरोबर तो तज्ज्ञ ठरला. पंधरा दिवसांत या विषयावरच्या इतर अकरा वेबसाइटींच्या लेखकांनाही कोपराजवळ चट्टे उगवले. (त्यांपैकी चार चट्टे एकाच कोपराचे होते, आणि ते कोपर ओल्गेर यांचे होते.)

सान आंतोनियोच्या बदलाने प्रश्नोत्तरे सक्तीची केली. ग्रेतेलने वारंवार विचारले जाणारे चोवीस प्रश्न लिहिले. त्यांपैकी आजवर कोणी विचारलेले : शून्य. 'कुकर विमानात नेता येतो का?', 'कुकर आणि नवऱ्याचा स्वभाव यांचा काही संबंध आहे का?', 'माझा कुकर माझ्यावर नाराज आहे हे कसे ओळखावे?' शेवटच्या प्रश्नाचे उत्तर लिहिताना ग्रेतेलला शोधयंत्राची आठवण झाली आणि तिने ते जरा मनापासून लिहिले.

सान रोकेला यंत्राला ताजेपणाची आवड निर्माण झाली. पान रोज थोडे तरी बदललेले पाहिजे. ग्रेतेल रोज सकाळी कॉफीबरोबर पानाची तारीख पुढे ढकलू लागली. पण नुसती तारीख यंत्राला पुरत नाही, मजकूरही हलला पाहिजे. साडेतीन हजार शब्दांत ढवळाढवळ करायला सोपा एकच भाग होता : शेवटचे ते वाक्य. एके दिवशी त्यातला एक शब्द बदलायचा, दुसऱ्या दिवशी परत आणायचा, तिसऱ्या दिवशी मागचा पुढे करायचा. एक्केचाळिसाव्या सकाळी वाक्याचा मागचा अर्धा भाग खोडला गेला आणि तो परत टाकायचा राहून गेला, कारण दुसऱ्या दिवसापासून तिने प्रश्नोत्तरे हलवायला घेतली. त्या दिवसापासून पानाच्या तळाशी 'शिट्टी होत नसेल तर' असे चार शब्द, आणि त्यांना लागूनच दुकानाचा पत्ता, एवढेच उरले. ही चूक पुढचे तीन महिने कोणाच्याही लक्षात आली नाही. कारण उघड आहे. तिथपर्यंत कोणी पोचलेच नव्हते.

सान फ्रान्सिस्कोच्या बदलाबद्दल मात्र आदरानेच बोलले पाहिजे. त्या दिवशी यंत्राने जाहीर केले की, यंत्राला खूश करण्यासाठी लिहिलेला मजकूर यंत्राला यापुढे आवडणार नाही. यंत्र नाहीच असे समजून लिहा.

ग्रेतेलला हायसे वाटले. "मग मी परत वाक्य आणि पत्ता एवढंच ठेवते. यंत्र नव्हतं तेव्हा पापांनी तसंच लिहिलं होतं."

"भलतंच!" सर म्हणाले. "यंत्र नाही असं समजून लिहायचं म्हणजे, यंत्र बघतंय हे लक्षात ठेवून, ते नाहीच अशा थाटात लिहायचं. ते फार अवघड असतं. त्याचे सहा वर्ग आहेत."

ग्रेतेलने सहाही वर्ग केले. पानात 'हुश्श!' 'काय सांगू तुम्हाला!' अशी निष्काळजी वाक्ये मोजून दर दोनशे शब्दांमागे एक, याप्रमाणे घातली. 'कुकर आणि मनःशांती' हा नवा भाग तर इतका निष्काळजी झाला की तो तिला चार वेळा तपासावा लागला. नोव्हेंबरअखेर पान पाचव्या क्रमांकावर आले. वाचक सरासरी सात मिनिटे थांबू लागले. दुकानात कोणीही आले नाही.

"सात मिनिटं!" चिंचिया सर म्हणाले. "तुमच्या वडिलांचं अभिनंदन करा."

ओल्गेर यांनी अभिनंदन स्वीकारले आणि रिंगा खोक्यात भरायला सुरुवात केली. त्यांनी ग्वापिलेसच्या भावाला खोली झाडून ठेवायला सांगितल्याचे ग्रेतेलला आत्याकडून कळले. त्या दिवशी तिने प्रथमच पानाची तारीख पुढे ढकलली नाही. न्हाणीघरात नळ सोडून ती बराच वेळ रडली.

सहावा बदल सांता लुसियाला आला. यंत्राने विचार केला की लोकांनी इतक्या लांब पानांतून उत्तर शोधत बसणे बरे नव्हे. (ही पाने इतकी लांब का झाली, याची चौकशी यंत्राने केली नाही.) यापुढे ते स्वतः सगळी पाने वाचेल, त्यांतले सार काढेल आणि वरच्या वर, मोठ्या अक्षरांत, लोकांना सांगेल. पाने कोणी उघडायचीही गरज नाही.

त्यानंतर नवव्या दिवशी, दुपारी, ओल्गेर यांची धाकटी बहीण हान्नियाआत्या तमालसाठी, म्हणजे केळीच्या पानात बांधून उकडायच्या मक्याच्या पुडांसाठी, डुकराचे मांस शिजवीत होती. आत्याचे घर दुकानापासून तीस पावलांवर. ग्रेतेल केळीची पाने पुसत बसली होती. अचानक कुकर गप्प झाला. एका क्षणी फुसफुसत होता, दुसऱ्या क्षणी नाही. आत्याने गॅस बंद केला आणि दोघी भिंतीला टेकून उभ्या राहिल्या.

"आता?" आत्या म्हणाली.

"थांबा. पुठ्ठ्यावर लिहिलंय ते." ग्रेतेलने डोळे मिटले. "शिट्टी होत नसेल तर... शिट्टी होत नसेल तर..."

"अहो, तुम्हीच लिहिलंत ना ते? वर्षभर दुसरं काय करत होतात?"

"एक्केचाळीस वेळा बदललंय आत्या, आता सगळीच एकदम आठवतायत!" तिने फोन काढला, आपलेच पान उघडले आणि अंगठ्याने सरकवायला लागली. चट्टा गेला. माणूस आणि वाफ गेले. मध्येच पानाने विचारले, 'हे उपयोगी वाटले का?' ग्रेतेलने सवयीने 'हो' दाबले.

"काय लिहिलंय?"

"कुकर विमानात नेता येत नाही."

"वा! म्हणजे तेवढी एक काळजी मिटली. अहो, झाकण हलतंय का बघा!"

पान अजून तीन हजार शब्द बाकी होते. ग्रेतेलने ते सोडले आणि घाबऱ्याघुबऱ्या थेट शोधयंत्रालाच विचारले. यंत्राने बारा वेबसाइटी वाचल्या होत्या. त्यांतल्या अकरांनी बाराव्या वेबसाइटीवरून उतरवून घेतले होते आणि बारावी ग्रेतेलचीच होती; त्यामुळे सगळ्या तज्ज्ञांचे दुर्मीळ असे एकमत झालेले यंत्राला दिसले. मोठ्या अक्षरांत उत्तर आले :

'शिट्टी होत नसेल तर जिथे आंब्याचे झाड होते तिथून दक्षिणेला दोनशे मीटर जावे, मग पूर्वेला पंचवीस.'

आत्याने चपला घातल्या.

"मग चला की!" आत्या म्हणाली.

इथे परक्या माणसाला वाटेल की दोघी तीस पावले चालून दुकानात गेल्या असतील. पण उत्तरात 'जिथे आंब्याचे झाड होते तिथून' असे स्पष्ट म्हटले होते, आणि ला गोतेरात पत्ता मधूनच धरायची पद्धत नाही. तसे केले की माणूस हरवतो. दोघी आधी दुकानासमोरच्या गर्दीतून वाट काढत पश्चिमेला गेल्या, मग चढाने दोन चौक वर, जिथे झाड होते त्या कोपऱ्यावरच्या औषधाच्या दुकानापाशी पोचल्या, तिथे क्षणभर थांबल्या, आणि तिथून रीतसर दक्षिणेला दोनशे मीटर खाली, मग पूर्वेला पंचवीस, अशा आल्या. दुकानासमोरची ती गर्दी म्हणजे रांग होती. चौदा माणसे. काही हातात कुकर घेऊन, काही नुसतीच घाबरलेली.

"कॉम्प्युटरनं पाठवलं," रांगेतला पहिला माणूस सांगत होता. तो आलाहुएलाहून आला होता. "आंब्याचं झाड कुठं होतं ते चौकातल्या पोलिसानं सांगितलं."

ओल्गेर यांनी खोक्यातल्या रिंगा परत खिळ्यांना टांगल्या होत्या. पुठ्ठा सगळ्यांना समोर दिसत असतानाही ते प्रत्येकाला तो मोठ्याने वाचून दाखवीत होते, आणि त्यांचा आवाज आनंदाने इतका घोगरा झाला होता की बाहेर रांगेत काही ऐकू येत नव्हते. ग्रेतेल रांगेच्या शेवटी उभी राहून हसत होती आणि रडत होती. तिचा नंबर लागेपर्यंत आत्या घरी जाऊन आली. कुकर आपोआप निवला होता आणि मांस उत्तम शिजले होते.

असेच सगळीकडे झाले. मेक्सिकोपासून पाराग्वायपर्यंत लोक यंत्राच्या सांगण्यावरून चालत सुटले. जिथे आंब्याचे झाड होते, अशी जागा प्रत्येक वस्तीत असतेच. तिथून दक्षिणेला दोनशे मीटरांवर कोणाला दाताचा दवाखाना लागला, कोणाला चर्च, कोणाला घटस्फोटित नवरा. पण परत येईपर्यंत बहुतेकांचे कुकर निवलेले असत. उपाय यशस्वी झाल्याचे प्रमाण : ब्याण्णव टक्के. (उरलेल्या आठ टक्क्यांच्या वस्तीत फक्त लिंबाचे झाड होते.) हा उपाय का लागू पडतो, हे कोणत्याही तज्ज्ञाला सांगता आले नाही; पण तज्ज्ञांना ते कधी विचारायचेही नसते.

ग्रेतेलला आता वाक्य दुरुस्त करायचे होते. चिंचिया सरांनी तिचा हात धरला. "चालत्या पानाला हात लावू नका."

जानेवारीत, तीन राजांच्या सणाला, सातवा बदल आला. यंत्राने रस्त्यांची छायाचित्रे तपासली आणि सांगितलेल्या जागी आंब्याचे झाड नाही असे त्याला आढळले. सत्याच्या बाबतीत यंत्र कडक आहे. उत्तर उडाले, पान निकालांच्या चौदाव्या पडद्यावर गेले, रांग थांबली.

"झाड लावा," सर म्हणाले.

औषधाच्या दुकानदाराने दोन हात जागा दिली. ग्रेतेलने पुरुषभर उंचीचे आंब्याचे झाड आणून लावले आणि ला गोतेराचा कारभार कोसळला. वस्तीतल्या त्रेचाळीस घरांचा पत्ता 'जिथे आंब्याचे झाड होते' तिथून सुरू होत असे, आणि आता तिथे झाड होते. गॅसच्या टाकीवाला कोपऱ्यावर उभा राहून विचारी, "अहो, होतं ते कुठं आहे? हे तर आहे!" एका मुलीच्या वाढदिवसाचा केक तीन दिवस फिरत राहिला. शेवटी सभा भरली आणि बहुमताने झाड उपटण्यात आले. लोकांचा जीव भांड्यात पडला. आता तिथे एक सोडून दोन आंब्याची झाडे होती, म्हणजे नव्हती, आणि पत्ता पूर्वीपेक्षा दुप्पट पक्का झाला. यंत्राने मात्र एवढीच नोंद घेतली की या लोकांच्या सांगण्याचा भरवसा नाही.

त्या मार्चमध्ये, सान होसेच्या दिवशी, ओल्गेर यांनी शटर ओढले.

"पापा, आणखी एक वर्ष," ग्रेतेल म्हणाली. "मी परत लिहिते. सगळं नव्यानं लिहिते."

"तुम्ही छान लिहिता," ओल्गेर म्हणाले. "मी सगळं वाचलं. दोन दिवस लागले. आत मी कुठं सापडलो नाही, पण छान आहे." मग त्यांनी तिच्या गालावर हात ठेवला. "त्या दिवशी चौदा माणसं आली ना? पुरे झालं."

पुठ्ठा काखेत मारून ते ग्वापिलेसच्या बसमध्ये बसले. आठवड्याभरात वस्तीने पत्ते नव्याने सांगायला सुरुवात केली. हान्नियाआत्याचे घर आता 'जिथे ओल्गेर यांचे दुकान होते तिथून तीस पावले' आहे. गॅसची टाकी बिनचूक येते. ग्रेतेलने पहिल्यांदा तो पत्ता ऐकला तेव्हा ती कोपऱ्यावर थांबली आणि तिला पुढे चालवेना.

ते नऊ शब्दांचे वाक्य पुढे येईलच, असे सुरुवातीला म्हटले होते. ते आलेले नाही. ज्याला ते ठाऊक आहे तो माणूस ग्वापिलेसला भावाच्या ओसरीवर रिकामा बसला आहे आणि कोणी विचारले तर फुकट सांगतो. पण तुम्ही त्याला विचारायला गेला नाहीत. शीर्षक बघून इथे आलात आणि कुकर, चट्टा, आंबा असे करत चांगली पंधरा मिनिटे थांबलात. बार्वाची ती बाई अकरा सेकंदांत निघून गेली होती, ती असमाधानी. तुमची नोंद 'पूर्ण समाधानी' अशी झाली आहे, आणि यापुढचा सगळा मजकूर तुमची ही आवड ध्यानात घेऊनच लिहिला जाईल. गॅस तेवढा बंद केला असेलच.